मावशीच्या चापाची दुसरी पायरी

आमच्या गावात तिला मावशी म्हणतात. कागदोपत्री तिचं नाव एमकेएमएस, जात मशीनपिस्तुलाची, जन्म नॉयहाउझेनचा, धबधब्याच्या वरच्या अंगाला जो कारखाना आहे तिथला, आणि साल दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं. पण चार मुळाक्षरांशी कुणाचं नातं जुळतं का? मावशी म्हटलं की आमच्या खोऱ्यात द्राक्षं तोडायला आलेल्या परगावच्या बाईलाही दोन दिवसांत कळतं, कुणाबद्दल चाललंय ते.

मशीनपिस्तूल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातलं ते बुटकं, पत्र्याचं, भोकाभोकांचं काहीतरी येतं. मावशी तसली नव्हे. ती रायफलीसारखी लांब आहे, नळीखाली थेट पुढपर्यंत अक्रोडाचं लाकूड, आणि तोंडाशी संगीन लावायची सोय. नको असेल तेव्हा मॅगझिन पुढे दुमडून त्या लाकडातल्या खाचेत जातं, खिशातल्या चाकूचं पातं मिटावं तसं. काढून ठेवायला नको, हरवायला नको. अशी मिटवून भिंतीवर टांगली की पाय पोटाशी घेऊन शेकोटीपाशी बसलेली म्हातारी दिसते. मावशी हे नाव त्यावरूनच पडलं. मॅगझिन खाली ओढलं, खट्ट वाजलं, की म्हातारी उठून उभी राहिली म्हणायची.

तिच्या मागच्या नेमाच्या पट्टीवर हजार मीटरपर्यंतचे आकडे कोरलेत. माझा ओसीकाका, म्हणजे ओस्वाल्ड प्लेचर, त्यावर नेहमी म्हणायचा की एवढीशी पिस्तुलाची गोळी हजार मीटरवर पोहोचेल खरी, पण पोस्टाने. हजार मीटरवर आमच्याकडे जर्मनीची हद्द लागते, म्हणजे वर तिकीटही परदेशचं लावावं लागणार. हा विनोद मी निदान शंभर वेळा ऐकला असेन, आणि दर वेळी हसले. कारण थट्टा करताना त्याचा हात तिच्या लाकडावरून फिरत असायचा.

पण मावशीचं खरं कौतुक तिच्या चापात आहे. इतर बंदुकांना एका एका गोळीसाठी वेगळं बटण, भडिमारासाठी वेगळं. मावशीला बटणच नाही. चाप थोडा ओढा, बोटाला एक पायरी लागते, तिथे थांबा: एक गोळी. पायरी ओलांडून पुढे दाबा, की बोट सोडेपर्यंत ती थांबत नाही, चाळीस गोळ्या तीन सेकंदांच्या आत. सगळा कारभार बोटाच्या समजुतीवर. त्यात भर म्हणजे चाप ओढल्या ओढल्या गोळी सुटत नाही. आधी मागे थांबलेला जड बोल्ट पुढे धावतो, अख्खी बंदूक किंचित पुढे झुकते, आणि मग बार होतो. नवशिक्याचं बोट त्या धक्क्याने दचकतं आणि पायरीवरून घसरतं. एकाच्या जागी दोन गोळ्या जातात. ट-टक. आमच्या गावात तो आवाज म्हणजे नामुष्की.

कारण आमच्या नेमबाज मंडळाचा नियमच तसा आहे. युद्धात गावच्या राखणदलाला मिळालेली मावशी नंतर मंडळाकडे आली. पण मंडळाच्या लोखंडी कपाटात ती कधी राहिली नाही, ती माणसाच्या घरी राहते. कोणाच्या? तर ऑक्टोबरात द्राक्षं उतरली की मोसमाची शेवटची नेमबाजी असते, त्या दिवशी जो तिच्यातून बारा गोळ्या एक-एक करून काढील त्याच्या. मॅगझिन मात्र पुरतं भरायचं, नाहीतर धाक कसला? बारा सुट्या गेल्या की मावशी वर्षभर तुमची. एकदा जरी ट-टक झालं, की तिथल्या तिथे मावशी दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि त्याने करून दाखवायचं. आणखी एक आहे. ज्याच्या घरी मावशी आहे, त्याने शेवटच्या आठवड्यात तिला हात लावायचा नाही. जो तिच्यावर टपून बसलाय, तो तिला घरी नेऊन उघडतो, तपासतो, तेल देतो आणि परत आणतो. म्हणजे कुणी स्वतःच्या सोयीने काही करून ठेवायला नको. आमच्या आजोबांनी हा नियम केला तेव्हा टपून बसलेलाच काहीतरी करून ठेवील हे त्यांच्या डोक्यात कसं आलं नाही, देव जाणे.

ओसीकाकाकडे मावशी माझ्या लग्नाच्याही आधीपासून. तरुणपणी तो त्याच कारखान्यात फिटर होता, चापाच्या कामावर. मावशीचा चाप त्याने स्वतःच्या हाताने कानसून बसवलेला. यंत्राने निघालेला भाग तसाच बसवायचा नाही, हाताने घासायचा, बसवायचा, काढायचा, परत घासायचा, बोटाला पायरी गोड लागेपर्यंत. एवढ्या कामाची बंदूक स्वस्त कशी असणार? कारखान्याने थोड्याच केल्या, थोड्याच खपल्या. पण ज्या केल्या त्या अशा केल्या की आजही कुठे खडखड नाही, कुठे फट नाही. काकाच्या बैठकीत शेगडीच्या मागे दोन लाकडी खुंट्यांवर ती असायची, बोल्ट वेगळा, टेबलाच्या खणात. काकू गेल्यावर त्या घरात काकाशी न बोलता बोलणारं एवढं एकच माणूस उरलं होतं. माणूसच म्हणते मी.

आणि एकोणीसशे त्र्याऐंशी साली काकाचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी कपाखालची बशी वाजायची. मग सही वाकडी व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, वय झालं, गोळ्या घ्या. काकाने ऑगस्टपासून एक शब्द काढला नाही, पण मी त्याच्याकडे दर रविवारी जेवायला जायचे, मला दिसत होतं ना. तो खुर्चीत बसून टेबलाच्या कडेवर बोट वाकवायचा, थांबायचा, सोडायचा. वाकवायचा, थांबायचा, सोडायचा. बोट थांबायच्या जागी थांबत नव्हतं. मी सूप वाढत राहिले आणि आतल्या आत रडत राहिले.

आता कास्पार लॉय या प्राण्याबद्दल. हा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, पन्नाशीला टेकलेला, जिभेला हाड नाही. मावशीवर याचा डोळा आहे हे सगळ्या गावाला ठाऊक, कारण तो स्वतःच सांगत सुटायचा. नेमबाजीच्या मैदानावरचं खानावळघर मी चालवते, तिथे बसून माझ्याच हातचे सॉसेज खाऊन हा म्हणायचा, खुंट्या मी करून ठेवल्यात, ओकच्या, फक्त पाहुणी यायची बाकी आहे. काका समोर असला तर त्याच्या तोंडावर म्हणायचा. काका म्हणायचा, त्यावर टोपी टांग. सगळे हसायचे. इतर वर्षी मीही हसायचे. त्या वर्षी मला त्या माणसाचा असा राग आला की अख्खा सप्टेंबर मी त्याला कांद्याच्या ट्यूनेचा, म्हणजे आमच्याकडच्या भाजलेल्या चपट्या पाईचा, कडेचा कुरकुरीत तुकडा दिला नाही. मधलाच, ओलसर. त्याला कळलंही असेल.

शेवटच्या आठवड्यात नियमाप्रमाणे कास्पार मावशीला घेऊन गेला. ती त्याच्या गाडीत ठेवताना काकाचा हात इतका हलत होता की कास्पारने खालून आधार दिला. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, आता झालं. हा पायरी घासून गुळगुळीत करणार, बोट ठेवायचा अवकाश की भडिमार, आणि सगळ्या गावासमोर म्हाताऱ्याची नाचक्की. काकाला मी तसं म्हटलं. तो एवढंच म्हणाला की कास्पारला कानस धरता येते. यात हो आलं की नाही, मला कळेना.

शेवटची नेमबाजी रविवारी झाली. धुकं दहालाच उठलं होतं, रांडेनच्या डोंगरापर्यंत स्वच्छ दिसत होतं. मोठ्या रायफलींचं सगळं उरकल्यावर जवळचं लक्ष्य लावलं. आमचा गावचा पोलीस परवानगीचा कागद खिशात घालून बाजूला उभा, एका हातात सॉसेज. मंडळाचे अध्यक्ष बोलिंगर कान देऊन. खंदकात खुणा दाखवायला शेतकरी श्टाम उतरलेला, गोळी लागली की तो लांब काठीची तबकडी वर करून जागा दाखवतो. मी ट्यूने ओव्हनमध्ये सोडून, हातात चिमटा तसाच घेऊन बाहेर आले.

कास्पारने मावशी आणून ठेवली. काकाने तिला उचललं, मॅगझिन खाली ओढलं, खट्ट. दस्ता खांद्याला लावला. बोल्ट मागे ओढताना हात थरथरत होता, सगळ्यांना दिसत होता, आणि सगळे दुसरीकडे बघत होते. मी मनात म्हटलं, देवा, एवढं एक वर्ष.

टक.

एकच. तबकडी वर आली, काळ्याच्या मधोमध. दुसरी गोळी, टक. तीही एकटी. तिसरी. पुंगळ्या एकेक करून गवतात पडत होत्या आणि माझ्या छातीवरचा धोंडा एकेक इंच सरकत होता. बाकावरच्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. बोलिंगरसाहेब चक्क हसले. थरथरणाऱ्या हाताने माणूस असा चाप ओढतो, म्हणजे बघा त्या बोटात काय मुरलंय, असं मला वाटलं आणि अभिमानाने डोळे भरून आले.

चौथी गोळी काकाने मारलीच नाही. त्याने मावशी खांद्यावरून काढली, मॅगझिन काढलं, बोल्ट बघितला आणि तिला टेबलावर ठेवलं.

"चापाला हात लागलाय कुणाचा तरी," तो म्हणाला.

झालं, माझ्या डोक्यात तिडीकच गेली. कास्पार तिथेच खांबाला टेकून उभा होता. मी चिमटा घेऊन त्याच्यापुढे गेले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. म्हाताऱ्याच्या हातातली वस्तू काढून घ्यायला लाज वाटत नाही, गावाचं अन्न खाऊन गावालाच डसतोस, ओकच्या खुंट्यांवर स्वतःला टांगून घे, असं बरंच. ज्याच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही तो माणूस लाल होऊन बुटांकडे बघत होता. मला ती कबुलीच वाटली.

"रेगुला," काका म्हणाला, "चिमटा खाली कर. चाप हलका नाही केलेला. जड केलाय."

मला अर्थच लागेना. काकाने मग हळू आवाजात, जणू कारखान्यातल्या नव्या माणसाला समजावतोय असं सांगितलं. पहिल्या पायरीपर्यंत सगळं होतं तसंच आहे. पण ती ओलांडून दुसरीवर जायला, म्हणजे भडिमाराला, आता तिप्पट जोर लागतो. बोट कितीही थरथरलं तरी पलीकडे जाणारच नाही. या चापावर बाराच काय, मंडळातल्या कुणीही चाळीस सुट्या माराव्यात. पहिल्या गोळीला त्याला कळलं नाही. दुसरीला वाटलं, आज नशीब चांगलं आहे. तिसरीला खात्री झाली की एवढं चांगलं नशीब कुणाचं नसतं.

पोलिसाने सॉसेज खाली ठेवलं. मी कास्पारकडे बघितलं. ज्याला मावशी हवी होती, त्यानेच ती काकाच्या घरून हलू नये अशी तजवीज केली होती. आणि मी त्याला महिनाभर ओला तुकडा खाऊ घातला होता.

"मूळ स्प्रिंगला मी हात लावलेला नाही, काका," कास्पार अखेर म्हणाला. त्याने खिशातून मऊ कापडाची घडी काढली. "ही बघा. नुसती बदलली. जाड तारेची एक वळून घातली. पुढल्या आठवड्यात परत तुमची बसवणार होतो, कुणाला कळायचंही कारण नव्हतं."

"मला कळणार नाही वाटलं तुला?"

"वाटलं, कळलं तरी तुम्ही बोलणार नाही."

इथे काका गप्प राहिला असता तर? बोलिंगरसाहेबांनीसुद्धा घसा खाकरून म्हणून बघितलं, की नियमात स्प्रिंगबद्दल काही लिहिलेलं नाही, तीन गोळ्या सुट्या गेल्यात, पुढे चालू ठेवायला मंडळाची हरकत नसावी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, जोरात. मला नियम नको होता, काकाच्या शेगडीमागे मावशी हवी होती. मी त्याच्या कानाशी जाऊन म्हटलंसुद्धा, काका, सगळेच हो म्हणतायत, मार ना.

"त्या खुंट्यांवर मग कोण असेल, रेगुला?" तो म्हणाला. "तिचा चाप मी बसवलाय. असा नाही बसवला."

त्याने टेबलावर फडकं अंथरायला सांगितलं. कास्पारने चाप उघडला, कारण ते बारीक काम आता काकाच्या हातून होण्यासारखं नव्हतं, आणि काका शेजारी उभा राहून नुसतं बघत होता. मूळ स्प्रिंग परत बसली. मॅगझिन पुन्हा पुरतं भरलं. पहिल्या तीन गोळ्या काकाने स्वतःच रद्द केल्या.

मग तो नव्याने उभा राहिला. टक. तबकडी वर. टक. तिसरी, चौथी, पाचवी. खऱ्या चापावर, त्या हाताने. बोल्ट पुढे धावायचा, नळी झुकायची, आणि ते बोट कसं कोण जाणे पायरीवर उभं राहायचं. मला वाटायला लागलं, जमतंय. सहावी गेली. सातवी गेली.

ट-टक.

खंदकातून तबकडी वर आली, आणि श्टामने दोन जागा दाखवल्या, एकीला एक चिकटलेल्या. काकाचा गाल अजून लाकडाला टेकलेलाच होता. मी पुढे जाणार होते, पण कास्पारने माझा दंड धरला.

काकाने मान वळवून अध्यक्षांना विचारलं की मॅगझिनमध्ये अजून आहेत, त्या परत काढत बसायच्या की काय. बोलिंगरसाहेब म्हणाले, ओस्वाल्ड, आता तुला काय करायचं ते कर.

त्याने चाप पुरता दाबला. इतक्या वर्षांत गावाने मावशीचा तो आवाज ऐकला नव्हता, कारण तो न येण्यासाठीच सगळी धडपड असायची. जाड कापड एका झटक्यात टरकावं तसा आवाज होता, अखंड, एकाच सुरात. पुंगळ्यांचा पिवळा फवारा उजवीकडे उडाला. आणि नळी? हलली म्हणायला हलली. ती लांबी, ते वजन, ते अक्रोडाचं लाकूड, नॉयहाउझेनच्या लोकांनी ते कशासाठी केलं होतं ते त्या दोन सेकंदांत मला कळलं. थरथरता हात तिच्याखाली असूनही ती शांत राहिली. तिनेच त्याला धरलं होतं म्हणा ना. आवाज थांबल्यावर बऱ्याच वेळाने श्टामने डोकं वर काढून बघितलं आणि तबकडी दाखवायच्या भानगडीत न पडता स्वतःचं जाकीट काढून हवेत फिरवलं. काळ्याच्या मधोमध एकच भोक होतं, माझ्या तव्याएवढं.

काकाने मॅगझिन दुमडलं, मावशी मिटवली आणि कास्पारच्या हातात दिली. म्हणाला, "दुसरी पायरी तू इतकी सफाईने जड केलीस की मला तीन गोळ्या लागल्या ओळखायला. ती तुझ्याकडेच जायला हवी. पण बारा मारून."

कास्पारने बारा मारल्या. सगळ्या सुट्या. मारताना तो मधूनमधून बाहीने डोळे पुसत होता, म्हणून दोन काळ्याच्या बाहेर गेल्या, पण नियम नेमाचा नाही, बोटाचा आहे. काका त्याच्या मागे उभा होता आणि त्याचं बोट हवेत त्याच्याबरोबर वाकत होतं, थांबत होतं, सुटत होतं.

आत आल्यावर मी ट्यूने कापली आणि कोपऱ्याचा तुकडा, दोन बाजूंनी कुरकुरीत, कास्पारपुढे ठेवला. माफी मागायला मला जमत नाही, आमच्या घरात कुणालाच जमत नाही. त्याने तुकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, मधला ओला तुकडा मला आवडायला लागला होता. मेल्याच्या जिभेला परत धार आली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

निघताना काकाने त्याच्याकडे ती जाड स्प्रिंग मागितली. कास्पार म्हणाला, कशाला, ती दुसऱ्या कुठल्याही बंदुकीत बसणार नाही. काका म्हणाला, ठाऊक आहे. मग कास्पारने ती कापडातून काढून दिली आणि काकाने ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

घरी मीच त्याला सोडलं. बैठकीत शेगडीमागे दोन खुंट्या रिकाम्या होत्या. मला तिकडे बघवेना, म्हणून मी सरपण आणायला मागच्या दाराने गेले. परत आले तर काका खुर्चीत बसला होता, आणि डावीकडच्या खुंटीवर बोटभर लांबीची ती स्प्रिंग अडकवलेली होती. थरथरत्या हाताने ती तिथे अडकवायला त्याला वेळ लागला असणार. मी सरपण शेगडीत घातलं आणि सूप गरम करायला ठेवलं.